'सावकारी पाश' : हरवलेला मूकपट आणि कर्जरोख्याचे वाचन

१. प्रास्ताविक

बाबूराव पेंटर यांनी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे १९२५ साली 'सावकारी पाश' हा मूकपट निर्माण केला. ना. ह. आपटे यांच्या कथेवर तो आधारलेला होता. भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभबिंदू म्हणून चित्रपटेतिहासाच्या जवळजवळ प्रत्येक ग्रंथात त्याचा उल्लेख येतो. साहित्य आणि चित्रपट यांच्या संबंधांचा विचार करणाऱ्या मराठीच्या अभ्यासकालाही तो टाळता येत नाही. आणि नेमका हाच चित्रपट आज पाहता येत नाही. त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. पदव्युत्तर वर्गात या विषयाला हात घातला की विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात : जी कलाकृती कोणी पाहूच शकत नाही, तिच्याविषयी आपण काय लिहावयाचे?

प्रश्न रास्त आहे. त्याला सामान्यतः दोन प्रकारची उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर कल्पनेने पोकळी भरून काढण्याचे. नंतरच्या आठवणी, नंतरचे चित्रपट आणि नंतरच्या संज्ञा एकत्र करून मूळ मूकपटाचे एक चित्र उभे केले जाते. दुसरे उत्तर मौनाचे. कृतीच नाही, तर समीक्षा कशाची, असा त्यामागील युक्तिवाद असतो. प्रस्तुत लेखात या दोहोंहून वेगळी भूमिका घेतली आहे. 'सावकारी पाश'विषयी जे निश्चितपणे सांगता येते ते थोडे आहे. परंतु त्या थोडक्यातच एक घटक असा आहे की, त्याच्या आधारे या चित्रपटाचे साहित्याशी आणि समाजाशी असलेले नाते बऱ्याच स्पष्टपणे मांडता येते. तो घटक म्हणजे कागद, सावकाराने केलेला खोटा दस्तऐवज.

२. दोन आपटे, दोन 'सावकारी पाश'

विवेचनास प्रारंभ करण्यापूर्वी दोन गल्लती दूर करावयास हव्यात.

पहिली गल्लत नावांची आहे. हरि नारायण आपटे (१८६४-१९१९) आणि नारायण हरि आपटे (१८८९-१९७१) हे दोन वेगळे कादंबरीकार. नाव आणि वडिलांचे नाव यांची अदलाबदल झाल्यामुळे त्यांच्यात नेहमीच घोटाळा होतो. 'सावकारी पाश'च्या बाबतीत तो होण्यास आणखी एक कारण आहे. महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२३ साली 'सिंहगड' हा मूकपट काढला, तो हरिभाऊंच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवर. दोनच वर्षांनी त्याच कंपनीने, त्याच दिग्दर्शकाकडून दुसऱ्या आपट्यांची कथा पडद्यावर आणली. त्यामुळे 'सावकारी पाश'चे श्रेय हरिभाऊंच्या नावावर जमा झालेले काही ठिकाणी आढळते. 'पण लक्षात कोण घेतो?'च्या लेखकाला शेतकऱ्याची कैफियतही बहाल करणे मोहक असले, तरी ते बरोबर नाही. हरिभाऊंचे निधन १९१९ मध्येच झाले होते.

दुसरी गल्लत चित्रपटांची आहे. बाबूरावांनी ही कथा दोनदा चित्रित केली : १९२५ साली मूकपट म्हणून आणि १९३६ साली बोलपट म्हणून. चित्रपट-निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी आपल्या आठवणीत एका दृश्याचा गौरवाने उल्लेख केला आहे. मंद प्रकाशात दूरवरून टिपलेली एक भकास झोपडी दिसते आणि कुत्र्याचे रडणे तेवढे ऐकू येते. पुढील लेखनात ही झोपडी आणि हे कुत्रे अनेकदा १९२५ च्या मूकपटाच्या वास्तववादाचा पुरावा म्हणून पुढे केले जातात. पण मूकपटात कुत्र्याचे रडणे ऐकू येणार कसे? वाडियांच्या आठवणीतच याचा उलगडा आहे. मूकपट आपल्याला अंधुकच आठवतो आणि बाबूरावांचे मोठेपण बोलपट पाहिल्यावर ध्यानी आले, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. झोपडीचे दृश्य १९३६ च्या बोलपटातील आहे.

उदाहरण लहान असले, तरी बोध मोठा आहे. हरवलेली कृती रिकामी राहत नाही. तिच्या जागी दुसरी कृती येऊन बसते. म्हणून अशा कृतीच्या अभ्यासात प्रत्येक विधान कोणत्या थरातून आले, हे पाहणे अपरिहार्य ठरते. मूळ कथा, मूकपट, बोलपट, समकालीनांच्या आठवणी आणि इतिहासकारांचे मूल्यमापन हे ते थर होत.

३. निश्चित काय आहे?

हे थर वेगळे केल्यानंतर मूकपटाविषयी जे हाती उरते ते असे. एक लोभी सावकार खोटे कागद करून एका गरीब शेतकऱ्याची जमीन गिळंकृत करतो. भूमिहीन झालेला शेतकरी शहराची वाट धरतो आणि गिरणीकामगार होतो. सावकाराची भूमिका झुंझारराव पवार यांनी, तर तरुण शेतकऱ्याची व्ही. शांताराम यांनी केली होती. कमलादेवी या प्रमुख अभिनेत्री होत्या. 'द इंडियन शायलॉक' असे इंग्रजी नावही चित्रपटास होते. चित्रपट व्यावसायिकदृष्ट्या फारसा यशस्वी ठरला नाही, अशी नोंद चित्रपटेतिहासात आढळते. त्यानंतर बाबूराव पुन्हा पौराणिक विषयांकडे वळले; १९२७ चे 'मुरलीवाला' आणि 'सती सावित्री' याची साक्ष देतात.

पाच-सात वाक्यांत मावणारी ही सामग्री आहे. तथापि तीत कथानकाचा कणा आलेला आहे. शेतकरी दुष्काळाने, व्यसनाने किंवा भाऊबंदकीने बुडत नाही. तो कागदाने बुडतो. हा तपशील केवळ कथानकाच्या सोयीचा नाही. त्यामागे पन्नास वर्षांचा इतिहास उभा आहे.

४. कर्जरोख्याचा इतिहास

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. पुढे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत हे लोण पसरले. 'दख्खनचे दंगे' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या उठावाचे एक वैशिष्ट्य इतिहासकारांनी आवर्जून नोंदवले आहे. शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, त्याच्या दप्तरावर होता. रोखे, हुकूमनामे, खतावण्या बाहेर काढावयाच्या आणि जाळावयाच्या, हा या उठावाचा मुख्य कार्यक्रम होता. शत्रू कोण, हे त्या निरक्षर कुणब्यांनी अचूक ओळखले होते.

कागदाला हे सामर्थ्य कोठून आले? पूर्वीही सावकार होता, कर्ज होते आणि व्याजही होते. परंतु ब्रिटिश न्यायव्यवस्थेत लेखी दस्तऐवज हाच व्यवहाराचा निर्णायक पुरावा ठरला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याची मुदत तीन वर्षांची झाली. कायद्याचा हेतू कुळाच्या रक्षणाचा. परिणाम उलटा झाला. मुदत संपण्याआधी सावकार नवा रोखा लिहून घेई, थकलेले व्याज मुद्दलात मिसळे आणि त्या फुगलेल्या रकमेवर पुन्हा व्याज सुरू होई. प्रत्येक नव्या कागदावर शेतकऱ्याचा अंगठा असे. काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नसे. आणि न्यायालय तर लिहिलेलेच वाचत असे.

१८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी करण्यात आला. न्यायालयाने रोख्यावरील आकड्यावर न थांबता त्यामागील व्यवहाराचा मुळापासून इतिहास तपासावा, अशी तरतूद त्यात होती. शेतकऱ्यांच्या दस्तऐवजांची गावपातळीवर अधिकाऱ्यासमोर नोंदणी व्हावी, अशीही व्यवस्था केली गेली. कागद खोटे बोलू शकतो, याची ही कायद्यानेच दिलेली कबुली होती. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्येही कुलकर्णी, सावकार आणि कचेऱ्यांतील कारकून लेखणीच्या बळावर अक्षरशून्य शेतकऱ्याला कसे नागवतात, याचे सविस्तर विवेचन आहे. अविद्या हा फुल्यांच्या दृष्टीने केवळ सांस्कृतिक उणेपणा नव्हता. ती आर्थिक गुलामगिरीची यंत्रणा होती.

ना. ह. आपटे यांचे दीर्घकाळ वास्तव्य सातारा जिल्ह्यातील कोरेगाव येथे होते. म्हणजे ज्या चार जिल्ह्यांसाठी हा कायदा करावा लागला, त्यांपैकीच एकात. 'सावकारी पाश'मधील खोटा दस्तऐवज त्या मुलखातील वाचकाला नाट्यपूर्ण युक्ती वाटण्याचे कारण नव्हते.

५. कादंबरीचा वाचक आणि मूकपटाचा प्रेक्षक

शेतकऱ्याच्या दैन्याची कथा मराठी कादंबरीला १९२५ पूर्वी अपरिचित नव्हती. कृष्णराव भालेकरांची 'बळीबा पाटील' १८८८ मध्ये 'दीनमित्र'मधून प्रसिद्ध झाली. धनुर्धारींची 'पिराजी पाटील' १९०३ सालची. या कादंबऱ्यांची कलात्मक मर्यादा काहीही असो, मध्यमवर्गीय घराच्या उंबरठ्यापलीकडील जग त्यांनी पाहिले, हे त्यांचे ऐतिहासिक महत्त्व आहे.

तथापि या परंपरेत एक अंतर्विरोध दडलेला आहे. कादंबरी ही स्वतःच लिखित वस्तू आहे. खोट्या रोख्याची हकीकत कादंबरीत येते तेव्हा वाचक तो रोखा वाचू शकतो. पात्र मात्र वाचू शकत नाही. वाचकाची सहानुभूती शेतकऱ्याकडे असेल, पण त्याची जागा सावकाराच्या बाजूला असते. जे शेतकऱ्याला कळत नाही ते वाचकाला कळते. दयेला हे अंतर पुरेसे आहे. तादात्म्याला ते अडसर ठरते.

मूकपटाने हे अंतर नाहीसे केले, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. १९२१ च्या जनगणनेनुसार भारतातील साक्षरांचे प्रमाण शंभरात सुमारे सात होते. मूकपटातील संवाद व निवेदन पडद्यावर लेखी पाट्यांच्या रूपाने येत. अनेक मूकपटांत त्या दोन-तीन भाषांत असत. प्रेक्षागृहातील बहुसंख्यांना त्या वाचता येत नसत. म्हणून कोणीतरी वाचता येणारा त्या मोठ्याने वाचून दाखवी. पुष्कळ ठिकाणी हे काम करणारा माणूसच नेमलेला असे.

या परिस्थितीत 'सावकारी पाश' पाहणाऱ्या निरक्षर प्रेक्षकाची स्थिती ध्यानात घ्यावी. त्याच्या समोर अक्षरे येतात. ती महत्त्वाची आहेत हे त्याला ठाऊक आहे. त्यांचा अर्थ मात्र दुसरा कोणी सांगेल तोच. पडद्यावरच्या शेतकऱ्याची सावकाराच्या कागदापुढे जी अवस्था, तीच प्रेक्षकाची पाटीपुढे! पौराणिक मूकपटात ही अडचण जाणवत नसे, कारण द्रौपदीची किंवा सावित्रीची कथा प्रेक्षकाला आधीच पाठ असे. पाटी वाचली काय, न वाचली काय, सारखेच. सामाजिक कथेत तो आधार नसतो. तेथे प्रेक्षकाला चेहरे, हात, वस्तू आणि जागा यांवरच विसंबावे लागते. सामाजिक मूकपटाला दृश्याची भाषा अधिक काटेकोरपणे वापरावी लागते, ती यामुळेच.

बाबूराव पेंटर या कामास विशेष समर्थ होते. नाटकांचे पडदे रंगवण्यापासून त्यांची सुरुवात झाली. पण चित्रपटात आल्यावर रंगवलेल्या पडद्यांवर विसंबून न राहता माणसे वावरतील अशी त्रिमितीय नेपथ्यरचना त्यांनी केली आणि कृत्रिम प्रकाशाचा उपयोग 'सिंहगड'मध्येच करून पाहिला. 'वास्तववाद' ही संज्ञा त्यांच्या कामाला पुढच्या इतिहासकारांनी लावली. ती अयोग्य नाही. परंतु तिचा उगम एखाद्या युरोपीय संप्रदायात शोधण्यापेक्षा या व्यावहारिक गरजेत शोधणे अधिक फलदायी ठरेल. न वाचणाऱ्या प्रेक्षकाला खोटा कागद 'दाखवायचा' होता.

'द इंडियन शायलॉक' हे इंग्रजी नाव या संदर्भात अर्थपूर्ण वाटते. शायलॉकची कथाही एका रोख्याचीच कथा आहे. तेथे रोख्याचा शब्दशः अर्थ लावून पोर्शिया ऋणकोला सोडवते; अक्षरच सावकारावर उलटते. 'सावकारी पाश'मधील शेतकऱ्याला अशी सोडवणूक मिळत नाही. तो गावच सोडतो. सारख्या नावाखाली येथे उलटी कथा आहे आणि तो उलटेपणा वसाहतीच्या न्यायव्यवस्थेवरील भाष्य म्हणून वाचता येतो.

६. कथाकाराचे सूत्र

ना. ह. आपटे यांची ओळख आज मुख्यतः कौटुंबिक व बोधप्रधान कादंबऱ्यांचे लोकप्रिय लेखक अशी आहे. त्यामुळे 'सावकारी पाश' ही त्यांच्या लेखनातील एक आडवाट समजली जाते. पण त्यांच्याच 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून प्रभातचा 'कुंकू' (१९३७) निघाला, हे लक्षात घेतले की वेगळे चित्र दिसू लागते. 'कुंकू'तील नीरेचा विवाह एका वृद्ध विधुराशी फसवून लावला जातो. ज्या व्यवहाराला तिची संमती नव्हती, तो विधिपूर्वक पार पडला म्हणून पक्का ठरतो. नीरा तो मानण्यास नकार देते. शेतकऱ्याच्या माथी खोटा दस्तऐवज मारला जातो, नीरेच्या माथी खोटे लग्न. दोन्हींकडे फसवणुकीला कायद्याचे किंवा धर्माचे शिक्कामोर्तब मिळते आणि दोन्हींकडे प्रश्न एकच आहे : ज्याला काय चालले आहे हे कळू दिले गेले नाही, त्याला तो करार बंधनकारक कसा?

'कुंकू'चे दिग्दर्शक व्ही. शांताराम हे 'सावकारी पाश'मधील शेतकरी होत. आपट्यांच्याच 'भाग्यश्री' कादंबरीवरून त्यांनी १९३४ मध्ये 'अमृतमंथन' केला होता. आपट्यांच्या कथाविश्वाशी त्यांचा संबंध १९२५ पासूनचा आहे. 'कुंकू' उपलब्ध आहे. म्हणून 'सावकारी पाश'च्या अभ्यासकाने झोपडीतील कुत्र्यापेक्षा नीरेच्या नकाराकडे अधिक लक्ष द्यावे. नीरा नकार देऊ शकते, शेतकऱ्याला निघून जावे लागते. या फरकात बारा वर्षांचे अंतर आहे, तसेच वर्गाचेही आहे. शिकलेल्या नीरेला आपली बाजू मांडण्यासाठी भाषा उपलब्ध आहे.

७. शेतातून गिरणीत

शेतकऱ्याचे गिरणीकामगार होणे हा कथेचा शेवट आज आपल्याला परिचित वाटतो. १९२५ मध्ये तो चित्रपटात नवा होता, समाजात नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत कोकण आणि घाटावरील माणसे कित्येक दशके येत होती. साहित्याने गाव आणि शहर ही दोन स्वतंत्र विश्वे मानली होती. या कथेने त्यांच्यातील कार्यकारणसंबंध दाखवला. गावातील कागद आणि शहरातील भोंगा एकाच साखळीच्या कड्या ठरल्या.

पुढील भारतीय चित्रपटात ही साखळी वारंवार येते. बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन' (१९५३) मधील शंभूचे कर्ज खोट्या कागदांनी वाढवले जाते आणि तो कलकत्त्यात रिक्षा ओढू लागतो. मेहबूब खान यांच्या 'मदर इंडिया' (१९५७) मध्ये बिरजूच्या संतापाचे लक्ष्य सावकाराची वही हेच असते. ही साखळी 'सावकारी पाश'पासून सरळ प्रभावाने आली, असे म्हणण्याचे कारण नाही. या सर्व कृतींच्या मुळाशी एकच सामाजिक अनुभव आहे आणि त्याचे एक अगदी आरंभीचे पडदारूप कोल्हापुरात घडले, एवढे म्हणणे पुरे. प्रेमचंदांची 'गोदान' कादंबरी १९३६ मध्ये प्रसिद्ध झाली. 'सावकारी पाश'चा बोलपटही त्याच वर्षीचा. ऋणग्रस्त शेतकरी हा विषय तोपर्यंत भारतीय साहित्याच्या मध्यभागी आला होता. मूकपट त्याआधी अकरा वर्षे येऊन गेला होता.

८. समारोप

भारतात सुमारे तेराशे मूकपट निर्माण झाले. त्यांपैकी पूर्ण वा अंशतः शिल्लक असलेले तीसेकच आहेत. नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही होती आणि दमट हवेत कुजत असे. शिवाय बोलपट आल्यावर जुन्या प्रतींना किंमत उरली नाही. त्यांतील चांदी काढून घेऊन त्या नष्ट करण्यात आल्या. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली, म्हणजे 'सावकारी पाश'नंतर एकोणचाळीस वर्षांनी.

ही हानी भरून येणारी नाही. म्हणूनच तिच्यावर सैल विधानांची भर पडू न देणे, ही अभ्यासकाची पहिली जबाबदारी ठरते. 'सावकारी पाश'वर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने निदान तीन पथ्ये पाळावीत. आपटे कोणते, हे तपासावे. आपण मूकपटाविषयी बोलत आहोत की बोलपटाविषयी, हे प्रत्येक विधानागणिक स्पष्ट करावे. आणि 'वास्तववादी' हे विशेषण वापरताना ते कोणी, केव्हा व कशाच्या आधारे लावले, याचा विचार करावा.

न वाचता अंगठा उठवल्यामुळे काय होते, हाच या कथेचा विषय आहे. पूर्वसूरींच्या ग्रंथांतील वाक्ये न तपासता आपल्या प्रबंधात उतरवून घेणे हेही एका अर्थी अंगठा उठवणेच होय. १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशाला जे सांगितले, तेच या विषयाच्या संशोधकालाही लागू पडते : कागदावरच्या आकड्यावर थांबू नये, त्यामागचा व्यवहार मुळापासून तपासावा.